जुनी गाडी घेताना-विकताना: आरटीओ, बँक आणि विमा, कोणतं काम कशाच्या आधी

गाडी ठाण्यातून ऐरोलीला जाते, पैसे पोचतात, चावी हातात येते. इथं सौदा संपला असं दोघांनाही वाटतं, आणि खरा वैताग इथूनच सुरू होतो. आरटीओ म्हणतं, चालू विमा दाखवा. विमा कंपनी म्हणते, नव्या नावाची आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, आणा. बँक म्हणते, कर्ज फिटलं, आता आमचा संबंध नाही. आणि आरसीवर बँकेचं नाव तसंच राहतं. दरम्यान सिग्नल तोडल्याचं चलन जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतं.

याचं कारण साधं आहे. एका गाडीची नोंद चार ठिकाणी असते: आरटीओच्या ‘वाहन’ प्रणालीत, बँकेत, विमा कंपनीत आणि फास्टॅग देणाऱ्या बँकेत. एका ठिकाणी नाव बदललं म्हणून दुसऱ्या ठिकाणी आपोआप बदलत नाही. म्हणून इथं खटपटीपेक्षा क्रम महत्त्वाचा. क्रम चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं. खालचा क्रम ठाणे (एमएच-०४) आणि नवी मुंबई (एमएच-४३) डोळ्यासमोर ठेवून दिला आहे. खारघर, कामोठे, कळंबोली हा भाग बोलण्यात नवी मुंबई असला तरी आरटीओच्या लेखी पनवेल, म्हणजे एमएच-४६ आहे. आणि डोंबिवली कल्याणच्या एमएच-०५ मध्ये येते. अर्जात कार्यालय निवडताना इथंच पहिली चूक होते.

नाव बदलायचं राहिलं तर काय होतं?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणारे बहुतेक जण हे घेणाऱ्यावर सोडून देतात. तसं कधीही करू नका. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की, गाडी कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या दिवशी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्यानं मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. ‘मी तर कधीच विकली’ असं म्हणून, स्टँपपेपरवरचा करारनामा दाखवून सुटका होत नाही. घरी ठेवलेली विक्रीची पावती तुमच्या बाजूचा पुरावा आहे, मालकी बदलल्याची नोंद नाही.

पैसे देण्याआधी

एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर टाका आणि स्क्रीन सावकाश वाचा. नोंदणीची मुदत, विमा कधीपर्यंत, पीयूसी कधीपर्यंत, फायनान्सर म्हणून कुणाचं नाव आहे, गाडी काळ्या यादीत आहे का, एवढ्या पाच गोष्टी बघायच्या. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपत आली असेल तर नूतनीकरण विकणाऱ्याकडून आधी करून घ्या. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते आणि शुल्कही बरंच जास्त आहे. सौदा झाल्यावर हा खर्च कुणाचा यावरून वाद होतात.

चलनं महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन पोर्टलवर दिसतात. गाडीचा नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे लागतात. ‘बघतो, भरतो’ यावर विसंबू नका. थकीत रक्कम किमतीतून वजा करून स्वतः भरा आणि पावती ठेवा.

मग गाडीजवळ जाऊन चेसिस नंबर प्रत्यक्ष पाहा. मोटारसायकलला तो बहुधा हँडलच्या मानेवर उजवीकडे कोरलेला असतो. कारला इंजिनामागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली गालिच्याच्या झडपेआड. खाडीकडची दमट, खारी हवा आणि उघडं पार्किंग यामुळे या भागात नंबरावर गंज चढलेला सर्रास दिसतो. आरटीओच्या अर्जासाठी याच नंबराचा पेन्सिल प्रिंट मागतात. तो घ्यायची पद्धत अशी: रॉकेलच्या फडक्यानं जागा पुसून पूर्ण कोरडी करायची, पातळ पांढरा कागद घट्ट दाबून धरायचा, आणि मऊ शिशाची (२बी किंवा ४बी) पेन्सिल टोकानं न चालवता आडवी धरून एकाच दिशेनं हलकी फिरवायची. कागद हलला की अक्षरं दुहेरी उमटतात आणि प्रिंट नाकारतात. दोन-तीन प्रती काढून ठेवा. पॉलिश पेपरनं घासू नका. कोरीव अक्षर झिजलं तर नंबर पुन्हा कोरायला आरटीओची परवानगी लागते, आणि खाडाखोडीचा संशय येतो तो वेगळाच. प्रिंटवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर अक्षर अक्षर जुळवा. शून्य आणि ‘ओ’, आठ आणि ‘बी’ यांत गफलत होते.

पहिलं काम: मोबाइल नंबर आणि पाटी

सगळी ऑनलाइन कामं ओटीपीवर चालतात. आरसीशी जोडलेला नंबर बंद पडलेला असेल, किंवा गाडी घेतानाच्या घाईत शोरूमनं स्वतःचा नंबर टाकलेला असेल, तर पहिल्याच पायरीला घोडं पेंड खातं. म्हणून विकणाऱ्यानं आधी पोर्टलवर ‘मोबाइल नंबर अपडेट’ करून घ्यावं. त्याला चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख लागते, म्हणून आरसी समोर ठेवूनच बसा.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, बसलेली आहे का ते बघा. ती नसली की नाव बदलणं, पत्ता बदलणं, कर्जाचा बोजा (आरसीवरची कर्ज देणाऱ्या बँकेची नोंद) उतरवणं ही कामं आरटीओत अडतात. म्हणून हे काम बँकेच्याही आधी. राज्यात ठरलेला दर दुचाकीला ४५० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. बुकिंग परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून आरटीओ कोड निवडूनच करा. सर्च करून वर दिसणारी पहिली लिंक उघडू नका. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट साइट आहेत आणि त्यांत गेलेले पैसे परत मिळणं अवघड असतं. खरी पाटी ओळखायची खूण सोपी आहे: वर डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम, खाली डावीकडे लेझरनं कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसला की मोडल्याशिवाय न निघणारा लॉक. स्टिकरवाल्या दुकानातली ‘तशीच दिसणारी’ पाटी नोंदीत येत नाही, त्यामुळे आरटीओच्या कामाला तिचा काही उपयोग नाही.

दुसरं काम: बोजा उतरवणं

कर्ज फिटलं म्हणजे बोजा उतरला असं होत नाही. बँकेनं द्यायच्या गोष्टी दोन: ना हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५, दोन प्रतींत. अनेक बँकांच्या पत्रावर ९० दिवसांची मुदत छापलेली असते. कर्ज तीन वर्षांपूर्वी फिटलं असेल आणि पत्र तेव्हाचंच असेल तर नवं मागावं लागतं, आणि त्यात सहज आठवडा-दोन आठवडे जातात. म्हणून विकायचं मनात आलं की हे पत्र लगेच मागवा.

अडचण येते ती नावांत. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल, तर आरसीवर जुनं नाव आणि पत्रावर नवं. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदामध्ये गेल्या, त्या काळातल्या कर्जांना हा प्रश्न हमखास येतो. पत्रातच ‘पूर्वीची अमुक बँक’ असा उल्लेख आणि जुना कर्ज खातेक्रमांक लिहून घ्या. पतसंस्थेचं कर्ज असेल तर सही करणाऱ्याचं नाव, पद आणि गोल शिक्का तिन्ही स्पष्ट हवेत.

आणि एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात. बोजा विमा पॉलिसीवरही लिहिलेला असतो. आरसीवरून उतरला तरी पॉलिसीवर राहतो, आणि गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली की दाव्याचे पैसे बँकेच्या नावानं अडकतात. नवी नोंद दाखवून विमा कंपनीकडून तोही काढून घ्या.

तिसरं काम: फॉर्म २९ आणि ३०

फॉर्म २९ ही विकणाऱ्यानं द्यायची सूचना, दोन प्रतींत. फॉर्म ३० हा दोघांचा अर्ज: पहिला भाग विकणाऱ्याचा, दुसरा घेणाऱ्याचा, आणि कर्ज असेल तर वित्तसंस्थेच्या संमतीची जागा. सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, घेणाऱ्याचा पत्त्याचा आणि वयाचा पुरावा, पॅन (नसेल तर फॉर्म ६०), फोटो आणि चेसिस प्रिंट. केंद्रीय नियमांतलं हस्तांतरणाचं शुल्क दुचाकीला १५० आणि कारला ३०० रुपये, स्मार्टकार्डचे २०० आणि टपालखर्च वेगळा. एजंटनं सांगितलेला आकडा याच्याशी ताडून पाहा. फरक कशाचा आहे ते विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कोऱ्या फॉर्मवर सही हा या सगळ्या व्यवहारातला सर्वात वाईट प्रकार. ‘साहेब, फक्त सह्या करून ठेवा, बाकी आम्ही भरतो’ म्हणून २९ आणि ३० घेतले जातात, गाडी तीन हात फिरते आणि तारखेची जागा रिकामीच राहते. घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, विक्रीची तारीख आणि रक्कम स्वतःच्या अक्षरात भरल्याशिवाय सही करू नका. भरलेल्या फॉर्मचा फोटो काढा. फॉर्म २९ ची एक प्रत स्वतः आरटीओत देऊन पोच घेतलीत तर तुमची १४ दिवसांची जबाबदारी कागदावर पुरी होते, मग घेणारा कितीही ढिला असो.

आधार वापरून अर्ज केला तर बराचसा भाग कार्यालयात न जाता होतो. पण त्यासाठी आधारवरचं आणि आरसीवरचं नाव जुळायला हवं. आरसीवर ‘एस. व्ही. पाटील’ आणि आधारवर पूर्ण नाव, किंवा लग्नानंतर बदललेलं आडनाव, असं असलं की अर्ज पुढे सरकत नाही. अशा वेळी अर्ज छापून, प्रत्यक्ष सह्या करून कागद नेऊन देणंच बरं. जुन्या सहीशी आजची सही जुळत नाही हेही परत पाठवण्याचं नेहमीचं कारण आहे. पंधरा वर्षांत सही बदललेली असली तर विकणाऱ्यानं ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहावं.

पत्त्याचं तर विचारू नका. नवी मुंबईत सेक्टर, प्लॉट, सोसायटी, विंग असा लांबलचक पत्ता, आधारवर ‘से. १९’, वीजबिलावर ‘सेक्टर १९ए’. अर्जात जो पुरावा जोडणार त्यातला पत्ता शब्दशः टाका. स्मार्टकार्ड स्पीड पोस्टानं त्याच पत्त्यावर येतं. दार बंद दिसलं की परत जातं. भाड्यानं राहणाऱ्यांनी नोंदणीकृत भाडेकरार जोडावा, आणि त्याची मुदत अर्जाच्या दिवशी चालू हवी.

राज्यातल्या राज्यात गाडीचा नंबर तोच राहतो. एमएच-०४ ची गाडी नेरूळला गेली तरी एमएच-०४ च. गुजरात-कर्नाटकची गाडी घेत असाल तर मात्र प्रकरण मोठं: तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची ना हरकत, इथला कर नव्यानं, नवा नंबर, आणि तिकडे भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. स्वस्त दिसणाऱ्या परराज्यातल्या गाडीच्या किमतीत हे सगळं आधी मिळवून बघा.

मालकाच्या निधनानंतर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ असतो: ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा.

डीलरला किंवा ॲपवाल्या कंपनीला विकताय? १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. गाडी ताब्यात देताना फॉर्म २९सी पोर्टलवर भरला जातो, आणि तिथून पुढे गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. अधिकारपत्र नाही किंवा २९सी देत नाही म्हणाला, तर तुमची गाडी कुणाच्याही नावावर न जाता बाजारात फिरणार आहे असंच समजा.

चौथं काम: विमा, आणि यात थांबायचं नाही

इथं सर्वात जास्त नुकसान होतं. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की विमा घेणाऱ्याच्या नावे गेला असं मानलं जातं, पण ते फक्त त्रयस्थ व्यक्तीच्या भरपाईपुरतं. रस्त्यावर कुणाला इजा झाली तर त्याचं संरक्षण टिकतं. तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच हा फरक स्पष्ट केला आहे.

तर्क समजून घेतला की चीड थोडी कमी होते. पावसाळ्यात सखल रस्त्यावर पाणी भरलं, इंजिनात पाणी शिरलं. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, गाडी तुमची. जुन्या मालकाचं काही गेलेलं नाही, आणि तुमचा कंपनीशी करार नाही. दोघांपैकी कुणालाच दावा करता येत नाही. मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षणही पॉलिसीत ज्याचं नाव आहे त्याच्यासाठीच असतं.

घेणाऱ्यानं विमा कंपनीला कळवायची मुदत १४ दिवसांची आहे आणि नवी आरसी तेवढ्यात येईलच असं नाही. म्हणून तिची वाट पाहू नका. फॉर्म २९-३० च्या प्रती, आरटीओची शुल्कपावती, अर्ज क्रमांक, जुनी पॉलिसी आणि भरलेला प्रस्ताव अर्ज जोडून विमा कंपनीला ईमेल करा. विषयात पॉलिसी क्रमांक आणि ‘मालकी बदल’ लिहा. फोनवरच्या तोंडी बोलण्याला पुढे काही आधार राहत नाही, ईमेलच्या तारखेला राहतो. नवी आरसी एमपरिवहनवर दिसली की तीच जोडून त्याच ईमेलला उत्तर पाठवा, नवा ईमेल सुरू करू नका.

मग येतो नो क्लेम बोनसचा प्रश्न. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा चढत्या पायऱ्यांची ही सवलत विकणाऱ्यानं कमावलेली. ती घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणून उरलेल्या मुदतीपुरती सवलत कंपनी घेणाऱ्याकडून वसूल करते. समजा बोनसच्या आधीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८,००० रुपये, बोनस ४५ टक्के, म्हणजे ३,६००. पॉलिसीचे आठ महिने उरलेत, तर २,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४३२, एकूण २,८३२. नाव बदलाचं किरकोळ शुल्क वेगळं. सौदा करतानाच हा आकडा काढून ठेवा.

विकणाऱ्यानं आपला बोनस सोडू नये. विक्रीचा पुरावा देऊन कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीला लावता येतं. कारचा बोनस स्कूटरला लागत नाही. आणि घेणाऱ्यानं ‘आधी दावा केलेला नाही’ अशी खूण करून दुसऱ्याचा बोनस स्वतःच्या पॉलिसीत लावू नये. कंपन्या आपसांत तपासतात, आणि खोटी माहिती निघाली की नेमका दाव्याच्या वेळी नकार येतो.

गाडी देण्याच्या दिवशी

ताबापावती दोन प्रतींत करा. तिच्यावर तारखेबरोबर वेळही लिहा, कारण दुपारी तीनचा अपघात कुणाच्या ताब्यात झाला हे वेळेवरच ठरतं. किलोमीटरचा आकडा, चाव्या किती, दोघांच्या सह्या आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत. फास्टॅग काचेवरून काढून बँकेकडे बंद करायची विनंती त्याच दिवशी नोंदवा. ऐरोली, वाशी, मुलुंडच्या नाक्यांवर कारला ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, म्हणून टॅगचा विसर पडतो. पण अटल सेतूवर आणि द्रुतगती मार्गावर पैसे तुमच्याच खात्यातून जात राहतात.

काम अडलं तर

आरटीओचा अर्ज ठरलेल्या मुदतीत निकाली निघाला नाही, तर लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली पहिलं अपील ३० दिवसांत करता येतं, ‘आपले सरकार’वरूनही. अपिलात भावना कमी आणि तपशील जास्त लिहा: अर्ज क्रमांक, शुल्क भरल्याची तारीख, स्टेटसची शेवटची नोंद. त्रुटी काढून अर्ज परत केला असेल तर कारण लेखी मागा. ‘कागद अपुरे’ एवढंच लिहिलं असेल तर कोणता कागद, हे विचारा.

विमा कंपनीशी भांडण असेल तर आधी तिच्याच तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. यासाठी मुंबईला खेटे घालायला नकोत. ठाण्यात लोकपालाचं स्वतंत्र कार्यालय आहे आणि ठाणे, पालघर, रायगड जिल्ह्यांसह नवी मुंबई त्याच्याकडे येते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत तक्रार करायची, सोबत तो १४ दिवसांच्या आत पाठवलेला ईमेल छापून जोडायचा.